मामांच्या बेडक्यात एएफबी पॉझिटिव्ह पण सीबीनॅट निगेटिव्ह, नेमका कोणता रिपोर्ट खरा?

दोन्ही खरे असू शकतात, लॅबने घोळ घातला असं लगेच समजू नका. मी लॅबमध्ये एएफबीच्या, म्हणजे अ‍ॅसिडला न जुमानणाऱ्या जंतूंच्या, स्लाइड बघायचंच काम करतो. बेडका काचेवर पसरवून लाल रंग टाकून गरम करतो, मग अ‍ॅसिडने धुतो आणि वरून निळा रंग देतो. ज्या जंतूंना मेणकट कवच असतं त्यांचा लाल रंग अ‍ॅसिडनेही जात नाही, निळ्यात बारीक लाल काड्या दिसतात, हेच एएफबी पॉझिटिव्ह. पण ती काडी टीबीची की त्याच्या भावकीतल्या दुसऱ्या कुणाची, हे नुसतं बघून छातीठोक कोणीच सांगू शकत नाही. सीबीनॅट ही मशीनवरची जीन तपासणी, ती फक्त टीबीचाच जीन शोधते.

ही भावकी पाण्यात, मातीत, नळाच्या पाइपात असते, क्लोरीनला पण फारशी दाद देत नाही. धडधाकट माणसाचं सहसा काही बिघडत नाही, पण मामांनी एआरटी (एचआयव्हीची औषधं) मध्येच सोडली होती आणि सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) ३८ वर आलाय असं तुम्ही लिहिलंय ना, खरी गोम तिथे आहे. ५० च्या खाली गेलं की याच भावकीतला मॅक नावाचा जंतू रक्तातून अंगभर पसरू शकतो, मग ताप, रात्रीचा घाम, जुलाब, वजन आणि हिमोग्लोबिन घटत जाणं असं सगळं सुरू होतं. त्यासाठी मायकोबॅक्टेरियाचं (म्हणजे टीबी आणि त्याच्या भावकीचं) ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघणं, वेगळं सांगून करावं लागतं, नेहमीच्या ब्लड कल्चरमध्ये तो बहुधा सापडत नाही.

तरी आपल्याकडे एचआयव्हीत टीबीच जास्त, म्हणून सीबीनॅट परत करा आणि बेडक्याचं कल्चर लावा, एका सॅम्पलवर थांबू नका कारण नळाच्या पाण्यातूनही हे जंतू सॅम्पलमध्ये येतात. टीबी नाही हे पक्कं होईपर्यंत मास्क ठेवा. मॅक निघाला तर तो माणसाकडून माणसाला लागत नाही, आणि ताट-वाटी तर टीबीतही वेगळी करायची गरज नसते (आजीला हे नीट समजवा).

‘टीबीचं किट देऊन बघू’ म्हणणाऱ्या डॉक्टरांचंही अगदीच चूक नाही, पेशंट खचत असेल तर थांबता येत नाही. पण त्यातल्या आयसोनियाझिड, पायराझिनामाइडचा मॅकवर फारसा उपयोग नाही, त्याला क्लॅरिथ्रोमायसिन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सोबत इथॅम्ब्युटॉल लागतं, तेही निदान वर्षभर. नुसती अ‍ॅझिथ्रोमायसिन मेडिकलमधून आणून देऊ नका, जंतू तिला निबर होतो. किट सुरू झालंच तर एआरटी सेंटरला आवर्जून सांगा, किटमधल्या रिफाम्पिसिनमुळे एआरटीतलं डोल्युटेग्राविर कमी पडतं आणि दिवसातून एक जास्तीची गोळी द्यावी लागते.

एआरटी परत सुरू झाल्यावर काही आठवड्यांत ताप उसळला किंवा गाठी सुजल्या तर औषध उलटलं समजून गोळ्या बंद करू नका, प्रतिकारशक्ती परत येताना असं होतं, लगेच सेंटरला दाखवा.