पोटरीवरच्या निळ्या शिरा: लग्नाआधी इंजेक्शन घ्यावं का?

ताई, फोंड्याच्या शाळेत दिवसभर उभं राहून शिकवता, पोटऱ्यांवर निळ्या-जांभळ्या शिरांचं जाळं झालंय, आणि मे महिन्यात भाचीच्या लग्नाआधी इंजेक्शनं उरकावीत का, असं विचारलंत. मी हा उपचार घेतलाय. माझं मत: इंजेक्शनं लग्नानंतर, डॉप्लर (शिरांतलं रक्त कुठल्या दिशेला वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी) मात्र आत्ताच.

पायातल्या मोठ्या शिरेच्या झडपा नीट मिटत नसतील तर रक्त उलटं खाली उतरतं आणि त्या दाबाने वरच्या बारीक शिरा फुगतात. मूळ तसंच ठेवून वरवर टोचत बसलं की पुन्हा नव्या शिरा उमटतात. डॉप्लर सोनोग्राफीत हे कळतं, तीही उभं करून केलेली हवी. संध्याकाळी पाय जड होत असतील, घोटे सुजत असतील, तर ब्युटी क्लिनिकच्या वाटेला जाऊच नका. व्हॅस्क्युलर सर्जनला, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखवा, किंवा बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) सर्जरी ओपीडीपासून सुरुवात करा.

इंजेक्शनचं म्हणाल तर सुई अगदी बारीक असते. पॉलिडोकॅनॉलसारखं औषध शिरेच्या आतल्या अस्तराला इजा करतं, भिंती चिकटतात आणि शरीर ती शीर हळूहळू जिरवून टाकतं. जरा मोठ्या शिरेला त्याच औषधाचा फेस करून देतात. थोडं चुरचुरतं. लगेच उठून चालायला लावतात, आणि ते खरंच चाला.

फरक मात्र लगेच दिसत नाही. बारीक शिरांना ३ ते ६ आठवडे, मोठ्यांना ३-४ महिने लागतात, आणि बहुतेकांना एकाहून जास्त वेळा जावं लागतं. मधल्या काळात तपकिरी डाग पडू शकतात. आपल्या वर्णावर ते जास्त उठून दिसतात, काही तर वर्षभर रेंगाळतात. लग्नात साडीखाली शिरा कुणाला दिसणार नाहीत, पण इंजेक्शनांनंतर घालायचे घट्ट मोजे मेच्या घामात चढवून मांडवात वावरणं फार कठीण. दिवाळीनंतर हवा जरा सुसह्य होते, तेव्हा घ्या.

गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल, पूर्वी पायात रक्ताची गुठळी झाली असेल, किंवा कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. नंतर एकच पाय सुजला, पोटरी खूप दुखली, दम लागला, नजर किंवा बोलणं अडखळलं, तर वाट न पाहता १०८ बोलवा.

मोज्यांचं माप सकाळी, सूज चढण्याआधी द्या.