कलचाचणीत सगळ्यालाच ‘नाही’ आलं, तेव्हा

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची, अकरावी विज्ञानला आहे. दहावीपर्यंत अभ्यासात चांगली होती, तासन्‌तास चित्रं काढायची. गेले तीन महिने रात्री दोन-तीनपर्यंत जागी असते, सकाळी उठत नाही, कॉलेजला दांड्या मारते, काही विचारलं की अंगावर येते. कलचाचणी करून घेतली, तर एकाही क्षेत्रात आवड दिसली नाही. अहवाल सोबत पाठवला आहे. तिचे बाबा म्हणतात, विज्ञान झेपत नाही, शाखा बदलू. कोणती शाखा घ्यावी? शिक्षिकांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला सुचवलं. पण तो शिक्का पुढे प्रवेशाला, नोकरीला आड येईल का? – एक आई

उत्तर : नमस्कार. शाखा आत्ता बदलू नका. अहवाल दोनदा वाचला. त्यावरून तिचा कल कळत नाही, तिची आजची अवस्था मात्र कळते.

आवडीच्या भागात चित्रकलेसकट प्रत्येक गोष्टीपुढे तिने ‘आवडत नाही’वर खूण केली आहे. जिची बोटं वर्षभरापूर्वी रंगांनी भरलेली असायची, तिची चित्रांची आवड तीन महिन्यांत अशी नाहीशी होत नाही. आता संख्यात्मक क्षमतेचं पान पाहा. ४० पैकी तिने २२च प्रश्न सोडवले, पण त्यांतली २० उत्तरं बरोबर आहेत. म्हणजे डोकं चालतं आहे, वेग आणि एकाग्रता गेली आहे. कशातच रस न वाटणं, विचार संथ होणं, झोप बिघडणं, चिडचिड हे सगळं एकत्र आलं की नैराश्याची शंका घ्यायलाच हवी. या वयात ते रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसतं, म्हणून घरच्यांना तो उद्धटपणा वाटतो. अशी लक्षणं दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज आणि दिवसातला बराच वेळ राहिली, तर तपासणी करून घ्यायची असते. तुमच्याकडे तीन महिने झाले आहेत. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचं. ते माझं काम नाही, शिक्षिकांचंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १० ते १९ वयोगटात सातांपैकी एकाला मानसिक आजार असतो. तेव्हा आपल्याच घरात काहीतरी विपरीत घडलं, असं मनात आणू नका.

सगळ्यांत आधी आजच एक गोष्ट करा. ती आणि तुम्ही दोघीच असताना सरळ विचारा : ‘कधी जगूच नये असं वाटतं का? स्वतःला इजा करायचा विचार येतो का?’ विचारल्याने असा विचार डोक्यात शिरतो, ही भीती खरी नाही. उत्तर ‘हो’ आलं तर रागावू नका, उपदेशही नको. ऐकून घ्या आणि भेट लवकरात लवकर मिळवा. कसं, कधी, हेही तिने ठरवलं असेल, तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या. उत्तर ‘नाही’ आलं तरी घरातली औषधं आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा. मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक तिच्या आणि तुमच्या, दोघींच्या फोनमध्ये असू द्या.

कुणाकडे जायचं, यात बहुतेक पालकांचा गोंधळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ वैद्यकीय डॉक्टर असतात, ते निदान करतात आणि औषध देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात, बोलण्यातून उपचार करतात. औषधं देणं सहसा त्यांच्या कक्षेत येत नाही. शाळा-कॉलेजचे समुपदेशक पहिला आधार आणि पुढे पाठवण्याचा दुवा. भेटीसाठी कित्येक आठवडे थांबावं लागणार असेल, तर नाव नोंदवा, रद्द झालेल्या वेळेसाठी फोन करायला सांगा आणि तोवर बालरोगतज्ज्ञांना किंवा घरच्या डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडची गडबड किंवा रक्तक्षय असेल तरी थकवा आणि मरगळ येते, म्हणून ते बहुधा रक्ततपासणीही सांगतील.

जाताना सात दिवसांची नोंद न्या : झोपली कधी, उठली कधी, किती जेवली, कॉलेजला गेली का, कुणाशी बोलली का. ‘तिचं हल्ली काही खरं नाही’ यातून डॉक्टरांना काही हाती लागत नाही. ‘सातपैकी पाच दिवस दुपारी बारानंतर उठली’ यातून लागतं. कुटुंबात कुणाला मानसिक आजार होता का, हेही सांगा. ‘ताप दाखवायला चाललोय’ असं खोटं सांगून नेऊ नका. तसं नेलं की पुढच्या भेटीला मुलं तोंड उघडत नाहीत. डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलतील तेव्हा बाहेर बसा. ती काय बोलली, ते घरी येऊन खोदून विचारू नका. जिवाला धोका असेल किंवा कुणी छळ करत असेल, तर डॉक्टर तुम्हाला सांगतातच.

उपचाराला वेळ लागतो आणि घोडं अडतं ते इथेच. विचार आणि वर्तनावर काम करणारे उपचार साधारण आठवड्याला एक याप्रमाणे १२ ते १६ बैठका चालतात. दोन बैठकांत फरक नाही म्हणून सोडून देणारे पालक फार. औषध दिलं, तर परिणाम जाणवायला दोन ते सहा आठवडे लागतात. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने इशारा दिला की या वयात नैराश्यविरोधी औषधांमुळे सुरुवातीला काही मुलांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. म्हणून पहिल्या आठवड्यांत वरचेवर तपासणी हवी आणि अस्वस्थता वाढली तर लगेच फोन करायचा. घाबरून औषध नाकारायचं, असा याचा अर्थ नव्हे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांच्या अमेरिकी अभ्यासात १२ आठवड्यांनी औषध आणि बैठका एकत्र घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के मुलं सुधारली, औषध नसलेली, नुसती तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्यांपैकी ३५ टक्के. बरं वाटलं की परस्पर गोळ्या बंद करणं, ही सर्रास होणारी चूक. सुधारणेनंतरही त्या सहसा सहा महिने किंवा अधिक चालू ठेवतात आणि डॉक्टरच हळूहळू कमी करतात.

घरी एकच गोष्ट धरून ठेवा : उठण्याची वेळ. आधी झोपेची वेळ नियमित करायला जाल तर रोज रात्री भांडण होईल. सध्याच्या उठण्याच्या वेळेपेक्षा अर्धा तास आधी उठवा, लगेच २० मिनिटं उजेडात न्या, चार-पाच दिवसांनी आणखी अर्धा तास. या वयाला ८ ते १० तास झोप लागते. उठणं लवकर झालं की रात्री झोपही हळूहळू लवकर येऊ लागते. फोन हिसकावून घेऊ नका. मैत्रिणींशी उरलेला धागा कदाचित तोच असेल. रात्री तो खोलीबाहेर राहील, एवढं तिच्याशी बोलून ठरवा.

कॉलेजला डॉक्टरांचं पत्र द्या. त्यात आजाराचं नाव घालण्याची सहसा गरज नसते. ‘उपचार सुरू आहेत, इतके आठवडे हजेरीत आणि कामात सवलत द्यावी’ इतकं पुरतं. मागायचं ते नेमकं मागा : प्रात्यक्षिकांच्या वह्यांना मुदतवाढ, चाचणी पुढे ढकलणं, भेटण्यासाठी एकच ठरलेली शिक्षिका. परतणंही टप्प्याने : पहिल्या आठवड्यात रोज दोन तास, तेही तिला सोपे वाटतात ते विषय. घरी राहण्याचा काळ जितका लांबतो, तितकी परतायची धास्ती वाढते, म्हणून ‘पूर्ण बरी झाली की जाईल’ असं थांबू नका. बुडालेला सगळा अभ्यास भरून काढायचा नाही. पुढचं ज्यावर उभं आहे तेवढे धडे शिक्षिकांकडून खूण करून घ्या.

शिक्क्याबद्दल. उपचारांचे कागद गोपनीय असतात, प्रवेशअर्जाला ते जोडावे लागत नाहीत. वैमानिक, सैन्यदल यांसारख्या मोजक्या क्षेत्रांत वैद्यकीय इतिहास विचारतात आणि तिथे खरंच सांगावं लागतं. तिला त्या वाटेने जायचं असेल, तर डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवा. उपचार टाळून वर्ष गेलं, तर प्रवेश आणि नोकरी दोन्हींना त्याचा फटका जास्त बसतो.

शाखेचा विचार तिची झोप आणि हजेरी आठ-दहा आठवडे बऱ्यापैकी टिकल्यावर करू. तेव्हा आवडीची चाचणी पुन्हा घेऊ. येताना तिच्या जुन्या चित्रवह्या आणा. बरी असताना ती आपणहून काय करत होती, ते मला त्या दिवशीच्या उत्तरपत्रिकेइतकंच महत्त्वाचं आहे.