वाचकांचे प्रश्न : वैमानिकाचे प्रशिक्षण घेण्यापूर्वी

प्रश्न : आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात असून घरी कापूस, तूर व सोयाबीनची कोरडवाहू शेती आहे. मुलगी विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली असून तिला वैमानिक व्हायचे आहे. एका प्रशिक्षण संस्थेने संपूर्ण शुल्क एकरकमी भरल्यास सवलत देऊ असे सांगितल्याने चार एकर शेत विकण्याचा विचार चालू आहे. पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे आणि प्रशिक्षणात नेमके काय असते? – एक पालक

उत्तर : शेत विकण्याचा निर्णय तूर्त बाजूला ठेवावा, ही कळकळीची विनंती. आपल्या मुलीच्या इच्छेला विरोध करावा म्हणून हे लिहीत नाही. या शिक्षणातील पहिल्या दोन महत्त्वाच्या परीक्षा अत्यल्प खर्चात देता येतात आणि बहुसंख्य कुटुंबे नेमक्या त्याच शेवटी देतात, म्हणून लिहीत आहे. त्यांपैकी पहिली परीक्षा शरीराची. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असलेल्या डॉक्टरांकडून आधी द्वितीय श्रेणीची आणि नंतर प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी होते. व्यावसायिक परवान्यासाठी प्रथम श्रेणी अनिवार्य आहे. डोळे, रंगदृष्टी, कान, हृदयालेख, रक्त, छातीचा एक्स-रे असे सारे तपासले जाते. लाल-हिरव्या रंगांतील भेद ओळखता येत नसेल, तर ते लाखो रुपये भरल्यानंतर कळण्याऐवजी आजच कळलेले बरे.

दुसरी परीक्षा अभ्यासाची. एअर नेव्हिगेशन (मार्ग काढणे), हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स (हवाई नियम) आणि टेक्निकल (विमान व इंजिनाची माहिती) या विषयांचे पेपर महासंचालनालय घेते, प्रत्येकात ७० टक्के गुण लागतात आणि ते विमानात पाऊल ठेवण्यापूर्वीही देता येतात. जी मुलगी घरी बसून नकाशावर वाऱ्याचा कोन मांडून दिशा काढण्याची गणिते महिनोन्‌महिने आवडीने सोडवील, तिच्यावर पैसा लावण्यास हरकत नाही.

आता प्रत्यक्ष उड्डाणाविषयी. व्यावसायिक परवान्यासाठी वय १८ पूर्ण आणि एकूण २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःकडे असावी लागते, त्यात किमान ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचा, एक लांबचा प्रवास असतो, आणि रात्रीचे उड्डाणही असते. हे आकडे माहितीपत्रकात छापलेले असतात. पहिल्या दिवशी काय करावे लागते ते मात्र त्यात नसते. सकाळी उजाडताच शिकाऊ वैमानिक छोट्या सेस्ना विमानाभोवती हातात यादी घेऊन फिरतो. पंखातील टाकीच्या तळाची झडप दाबून थोडे इंधन पारदर्शक नळीत घेतो आणि ते उजेडात धरून पाहतो, कारण पावसाळी रात्रीनंतर टाकीत पाणी साचलेले असू शकते आणि ते जड असल्याने निळसर पेट्रोलाखाली वेगळे थेंब होऊन बसते. वेग मोजणाऱ्या पिटो नळीचे बारीक तोंड तो तपासतो, कारण झाकण लावायचे राहून गेले तर कुंभारमाशी तिथे मातीचे घर बांधते आणि मग वेगदर्शक काटा खोटे सांगू लागतो. ही तपासणी कोणीही पाहत नसताना रोज तितक्याच मनाने करणारा विद्यार्थी मला हुशार विद्यार्थ्यापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

जमिनीवर विमान पायांनी वळवायचे असते. ट्रॅक्टर चालवणाऱ्या घरातील मुलांचे हात सवयीने समोरचे स्टिअरिंगसारखे चाक फिरवत राहतात आणि विमान आपल्याच वाटेने जाते. आठवडाभरात ही सवय सुटते. त्यानंतर सरळ उड्डाण, वळणे, चढणे-उतरणे आणि स्टॉल यांचे धडे होतात. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे. पंख हवेला फार मोठ्या कोनात गेल्याने उचल घटते, आणि नाक खाली करून ती परत मिळवण्याचे शिक्षण सुरक्षित उंचीवर दिले जाते. मळमळ अनेकांना होते व बहुतेकांची थांबते. पुढे धावपट्टीभोवती त्याच त्या फेऱ्या आणि उतरण्याचा सराव चालतो. येथे मुले निराश होतात, कारण काल जमलेले आज जमत नाही. एके दिवशी प्रशिक्षक अचानक उतरून जातात आणि एकट्याने एक फेरी मारायला सांगतात. शेजारचे वजन कमी झाल्याने विमान नेहमीपेक्षा लवकर उचलले जाते, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

आपल्याकडचा उन्हाळा हा स्वतंत्र विषय आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, परंतु पारा ४५ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमान सुमारे १५०० मीटर उंचीवर असल्याप्रमाणे वागते: धाव लांबते, इंजिनाची ताकद घटते, चढण मंदावते. शिवाय तापलेल्या नांगरटीवरून उठणारे झोत दुपारी छोट्या विमानाला हेलकावे देतात. त्यामुळे उड्डाणे पहाटे होतात आणि अनेक दिवस नुसती वाट पाहण्यात जातात. पावसाळ्यात तर अधिकच.

म्हणूनच एकरकमी शुल्क भरू नये. तासांच्या टप्प्यांनी पैसे घेणारी आणि परताव्याच्या अटी लेखी देणारी संस्था निवडावी. तिथे जाऊन विमाने किती आहेत यापेक्षा आज उडण्याच्या स्थितीत किती आहेत, प्रशिक्षक किती व विद्यार्थी किती, आणि मागच्या तुकडीला २०० तास पूर्ण करायला किती महिने लागले, हे शिकणाऱ्या मुलांनाच विचारावे. गोंदियाजवळ बिरसी येथे आणि चंद्रपूरजवळ मोरवा येथे प्रशिक्षण चालते, तेव्हा मुलीला सोबत घेऊन एक दिवस तिकडे काढावा. एकूण खर्च बहुधा ४० लाखांच्या पुढे जातो, मोठ्या विमानाच्या टाइप रेटिंगचा (विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याच्या पात्रतेचा) खर्च त्याहून वेगळा, आणि परवाना हाती आला म्हणजे नोकरी मिळालीच असे नाही. आपण इतर मागासवर्ग अथवा भटक्या-विमुक्त प्रवर्गात मोडत असाल, तर नागपूरच्या महाज्योती संस्थेने या प्रशिक्षणासाठी योजना राबविली आहे. तिची सध्याची स्थिती आधी विचारून घ्यावी.

प्रश्न : मी आमगाव तालुक्यातील मराठी माध्यमाचा विद्यार्थी आहे. मला चष्मा आहे आणि अकरावीला गणिताऐवजी जीवशास्त्र घेतले. माझा मार्ग बंद झाला का? – एक विद्यार्थी

उत्तर : नाही. चष्म्याने दृष्टी ठरलेल्या निकषापर्यंत सुधारत असेल तर अडचण येत नाही. गणित हा विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावीच्या पातळीवर वेगळा देता येतो. इंग्रजीचे मात्र मनावर घ्या, कारण नियंत्रण कक्षाशी बोलण्यासाठी रेडिओ टेलिफोनीची वेगळी परीक्षा असते आणि आंतरराष्ट्रीय मापदंडातील सहापैकी किमान चौथी पातळी लागते. तिथे अलंकारिक इंग्रजी कोणी मागत नाही. ठराविक शब्द, स्पष्ट उच्चार आणि ऐकलेली सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवणे, एवढेच हवे असते. रोज मोठ्याने वाचण्याचा सराव आजपासून सुरू करा आणि द्वितीय श्रेणीच्या वैद्यकीय तपासणीची वेळ घ्या.