जखमेच्या स्वॅबवर पहिल्यांदाच काम करतेयस ना, मग आधी एवढं कर

अगं घाबरू नकोस, एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय घेतलास हे फार छान केलंस. पीसीआर, जीन्स वगैरे नंतर बघू, आत्ता हात बसू दे.

सगळ्यात मोठी चूक लॅबच्या बाहेरच होते, वरवरचा पू पुसून आणला की कातडीवरचे जंतू उगवतात आणि आपण त्यांनाच गुन्हेगार धरून बसतो. आधी सलाइनने जखम धुवायची, मग स्वच्छ भागावर साधारण 1 चौरस सेंटिमीटर जागेत स्वॅब (नमुना घ्यायची कापसाची काडी) दाबून 5 सेकंद फिरवायचा. अँटिबायोटिक आधीच सुरू झालंय का ते सिस्टरना विचारून फॉर्मवर लिहूनच घे, नंतर कोणाला आठवत नाही.

मग लॅबमध्ये, प्लेटवर उगवणाऱ्या जंतूवर अँटिबायोटिकच्या छोट्या कागदी चकत्या (डिस्क) ठेवून कुठलं औषध चालतं ते बघताना:

- सस्पेन्शन (जंतू मिसळलेलं पाणी) 0.5 मॅकफारलंडलाच, म्हणजे गढूळपणाच्या ठरलेल्या मापालाच जुळव. दाट झालं की झोन (डिस्कभोवतीचं जंतू न उगवलेलं वर्तुळ) लहान येतो आणि जंतू उगाच रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारा दिसतो. 15 मिनिटांत प्लेटवर पसरव.
- डिस्कची बाटली फ्रीजमधून काढल्या काढल्या उघडू नकोस, पुण्यात जुलैच्या दमट हवेत तर आत लगेच पाणी धरतं. मी पहिल्या वर्षी अशाच दोन बाटल्या घालवल्या, झोन रोज वेगळे यायचे आणि कारणच कळेना.
- ई. कोलाय 25922 हा कंट्रोल (ज्याचे झोन किती यायला हवेत ते आधीच माहीत असलेला जंतू) प्रत्येक बॅचला लाव, कंटाळा करू नकोस.

स्टॅफ ऑरियस निघाला तर सेफॉक्सिटिन 30 मायक्रोग्रॅमची डिस्क लाव, झोन 21 मिमी किंवा कमी आला तर तो एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ ऑरियस. असा आला की रिपोर्ट टाइप व्हायची वाट न बघता मॅडमना सांग, वॉर्डात त्या पेशंटचं औषध त्यावर ठरतं.