लुगडे कापण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा तू गेल्यावर तुझ्या अकरा कामांची छायाचित्रे मी टेबलावर पसरून पुन्हा पाहिली. समूह प्रदर्शनाचे निमंत्रण आले आहे, हातात दहा आठवडे आहेत, ‘टाकाऊ आणि टिकाऊ’ हा विषय आधीच ठरवून दिलेला आहे, आणि आजीचे नऊवारी लुगडे कापून प्लायवूडवर चिकटवावे की मोबाइलच्या सर्किटच्या पाट्या वापराव्यात, हे तुला सुचत नाही. तुझा हात चांगला आहे हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. त्यावर शाई खर्च करीत नाही. मला खटकले ते दुसरेच. त्या अकरा कामांत मी सतरा प्रकारच्या वस्तू मोजल्या, आणि तुझ्या वडिलांच्या दुकानातल्या उधारीच्या वहीची पाने सोडली, तर त्यांतली एकही वस्तू तुझ्या घरात महिनाभरही राहिलेली नव्हती.

वस्तू आधी घरात राहू दे. तिने तुझ्याकडे निदान एक पावसाळा काढला पाहिजे.

चित्रकार अतुल दोडिया यांनी दुकानांची लोखंडी शटर रंगवली आणि २००१ मध्ये ती लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयातील ‘सेंच्युरी सिटी’ प्रदर्शनात लागली, हे तू अभ्यासले आहेस. पण घाटकोपरात वाढलेल्या माणसाने शटर रोज सकाळी वर जाताना आणि दंगलीच्या दिवसांत भरदुपारी खाली येताना पाहिलेले असते, इकडे तुझे लक्ष गेलेले नाही. म्हणून तर शटरवर एक चित्र आणि ते उचलल्यावर मागे दुसरे, ही रचना ओढूनताणून आणलेली वाटत नाही. चित्रकार रुम्माना हुसेन आधी तैलरंगात मानवाकृती रंगवत असत; १९९२ च्या डिसेंबरात बाबरी मशीद पाडली गेल्यावर त्या फुटलेल्या मातीच्या मडक्यांकडे आणि गेरूकडे वळल्या. अर्ध्या मडक्याच्या गोलाईत पाहणाऱ्याला घुमट दिसतो, आणि तरीही ते पाणी भरायचे मडकेच राहते. हे दुहेरीपण भंगारवाल्याकडून किलोवर विकत आणता येत नाही.

तू लगेच चित्रकार विवान सुंदरम यांचे उदाहरण देशील. आखाती युद्ध १९९१ चे आणि कागदावर इंजिन ऑइल आणि कोळसा वापरून केलेली त्यांची चित्रेही त्याच वर्षीची, मग त्यांनी कुठे पावसाळा काढला, असे विचारशील. प्रश्न रास्त आहे. तेल त्या युद्धाच्या मुळाशीच होते, त्यामुळे ते बाहेरून आणून चिकटवावे लागले नाही. सर्किटच्या पाट्यांविषयी इतके सरळ एक वाक्य तुला सांगता आले, तर उद्याच वापर, मी अडवणार नाही. परवा मी तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा तू ‘पोत छान येतो’ एवढेच म्हणालीस. पोत वाळूनेही येतो.

माझा हट्ट कोठून आला तेही सांगते. माझ्या पहिल्या एकल प्रदर्शनासाठी मी चार महिन्यांत बावीस कामे केली. दालन मिळाले होते, तारीख छापली होती, आणि जुन्या बाजारातून आणलेले खिळे, पत्रे आणि बिजागऱ्या मी सुती कापडावर पांढऱ्या गोंदाने बसवत गेले. कामे विकली गेली, आणि दुसऱ्या पावसाळ्यात एका ग्राहकाचा दूरध्वनी आला. दमट हवेत गोंद सैल पडला होता, लोखंडाचा गंज कापडात उतरला होता, आणि मी खाली चिकटवलेला वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडून तुकड्यातुकड्यांनी गळत होता. ते काम मी पैसे परत देऊन घरी आणले. ते आजही माझ्या माळ्यावर आहे. त्या वस्तू मी एक पावसाळा घरात ठेवल्या असत्या, तर हे सगळे त्यांनीच मला आधी दाखवले असते.

त्यानंतर बाबांचा धोटा, म्हणजे मागावर आडवा दोरा इकडून तिकडे नेणारे साधन, माझ्या चित्रात यायला अकरा वर्षे लागली. इचलकरंजीच्या यंत्रमागावर त्यांनी हयात घालवली, आणि तो धोटा आमच्या खिडकीत पडून असे. तो एका अंगाने अधिक झिजला आहे, हे माझ्या ध्यानात त्या अकरांपैकी सहाव्या वर्षी आले. बाबा नवव्या वर्षी गेले. ते चित्र त्यांनी पाहिले नाही, आणि थोडी घाई केली असती तर पाहिले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही. तरीही सहाव्या वर्षाआधी मी ते केले असते, तर धोटा तिथे केवळ एक जुनी वस्तू म्हणून लटकला असता. माझ्या बरोबरीच्यांच्या माहितीपत्रकात प्रदर्शनांची यादी तीन-तीन पाने चालते; माझी एकल प्रदर्शने पाचच. ती पाचही मला आज भिंतीवर पुन्हा लावता येतील. हे मी स्वतःची समजूत काढण्यासाठी लिहिते आहे असे तुला वाटत असेल, तर वाटू दे. माझे मत बदलत नाही.

आयोजकांना उधारीच्या वहीची दोन कामे दे, आणि दोनच आहेत असे स्पष्ट लिही. त्या पानांवर तुझ्या वडिलांनी मारलेल्या काटांना अर्थ आहे, आणि ती वीस वर्षे तुमच्या माळ्यावर टिकली आहेत. दहाच हवीत असे ते म्हणाले, तर नकार दे. नकाराने वाईट वाटेल, तेव्हा मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

आणि ते लुगडे प्लास्टिकच्या पिशवीतून आजच बाहेर काढ. जुन्या धुतलेल्या धोतराच्या कापडात गुंडाळून, वाळवलेला कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेव; महिन्यातून एकदा घडी मोडून दुसऱ्या जागी घाल, कारण सूत आधी घडीवरच तुटते. दिवाळीला ते नेसून माझ्याकडे ये. किनार कुठे विरली आहे ते आपण दोघी खिडकीच्या उजेडात पाहू.

तुझी,
मावशी