उड्डाणपुलाशेजारची सदनिका : भरलेली रक्कम परत मिळेल का?

प्रश्न : कोल्हापूरच्या वेशीवर, पुणे-बंगळुरू महामार्गाच्या जुन्या उड्डाणपुलालगतच्या गृहप्रकल्पात मी 48 लाखांची सदनिका नोंदवून नऊ लाख रुपये भरले आहेत. करारनामा झालेला नाही. माहितीपत्रकात ‘सेवा रस्त्यावरून थेट प्रवेश’ असे छापले होते. तशी परवानगीच नसल्याचे आता समजते. वाहनांचा आवाज असह्य आहे, पूल पाडून रस्ता रुंद करणार असेही बोलले जाते. विकासक म्हणतात, ‘जागा पाहूनच घेतलीत, रद्द केल्यास रक्कम जप्त होईल.’ काय करावे?

उत्तर : आपल्या तिन्ही तक्रारींचे कायद्यातील वजन सारखे नाही. पूल नोंदणीच्या वेळीही आपल्यासमोर उभा होता. निवासी क्षेत्रासाठी ध्वनीची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे हे खरे, परंतु महामार्गावरील वाहतुकीच्या आवाजासाठी विकासकाला जबाबदार धरणे कठीण आहे. त्या मुद्द्यावर आपली शक्ती खर्च होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

आपली खरी बाजू प्रवेशाच्या रस्त्यात आहे. राष्ट्रीय महामार्गावरून प्रवेश घेण्यासाठी 2002 च्या महामार्ग नियंत्रण कायद्यानुसार महामार्ग प्रशासनाची परवानगी लागते, आणि ती नसताना प्रवेशाची जाहिरात केली असेल, तर स्थावर संपदा अधिनियम, 2016 म्हणजेच रेरा कायद्याचे कलम 12 थेट लागू होते. खोट्या किंवा चुकीच्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला प्रकल्पातून बाहेर पडून संपूर्ण रक्कम व्याज आणि नुकसानभरपाईसह मागण्याचा हक्क हे कलम देते. महाराष्ट्राच्या नियमांत हा व्याजदर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (निधीच्या खर्चावरून ठरणाऱ्या, कर्जाच्या पायाभूत व्याजदरापेक्षा) दोन टक्के अधिक धरला आहे. ‘जागा पाहिली होती’ हे उत्तर येथे अपुरे पडते, कारण जागा पाहून पूल दिसतो, परवानगी दिसत नाही. म्हणून त्या परवानगीची प्रत विकासकाकडे लेखी मागा आणि माहितीपत्रक, पावत्या व मोबाईलवर आलेले संदेश जपून ठेवा.

दुसरी गोष्ट आपल्या पत्रात ओझरती आली आहे, पण ती महत्त्वाची आहे. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारण्यास कलम 13 मनाई करते. आपल्या बाबतीत ती मर्यादा 4 लाख 80 हजार होती. एवढ्यावरून सौदा आपोआप रद्द होत नाही. मात्र स्वतः कायदा मोडलेल्या विकासकाची जप्तीची धमकी त्यामुळे बरीच दुबळी होते.

पुलाविषयी ‘बोलले जाते’ हा पुरावा नव्हे. भूसंपादनाचा इरादा राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 च्या कलम 3अ खालील अधिसूचनेने जाहीर होतो, आणि हितसंबंधितांना हरकतीसाठी 21 दिवस मिळतात. प्रकल्पाच्या गट क्रमांकाचा उल्लेख अशा अधिसूचनेत आहे का, आणि पुलाच्या संरचनात्मक तपासणीचा अहवाल काय सांगतो, हे माहिती अधिकारात महामार्ग प्राधिकरणाला विचारा; उत्तर 30 दिवसांत मिळायला हवे.

दरम्यान वकिलामार्फत पोचपावतीच्या टपालाने नोटीस द्या, आणि दाद न मिळाल्यास रेरा कायद्याच्या कलम 31 खाली महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, ऑनलाइन तक्रार करा. विकासक आता घाईने करारनामा पुढे करतील, आणि त्यात ‘सर्व बाबींची पाहणी करून समाधान झाले आहे’ असे वाक्य असण्याचा संभव आहे. त्यावर सही करू नका. गृहकर्ज मंजूर झाले असेल, तर वाद मिटेपर्यंत विकासकाला रक्कम देऊ नये, असे बँकेला आजच लेखी कळवा.