ढिगातून एकच कपडा उचलायचा कसा?

जुन्या कपड्यांची यंत्राने वर्गवारी करण्याविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांनी कापड ओळखणाऱ्या सेन्सरबद्दल विचारले आहे. खरे तर सेन्सरचे काम आज बरेचसे सुटले आहे. गाडी अडते ती त्याच्या आधी, ढिगातून एक नग सुटा करण्यापाशी. म्हणून उत्तरांत जास्त जागा त्यालाच दिली आहे.

मोटारीच्या कारखान्यात रोबो वीस किलोचा भाग बिनचूक उचलतो. मग दीडशे ग्रॅमच्या टी-शर्टात एवढे अवघड काय आहे?
– एक वाचक, भोसरी

मोटारीचा भाग कडक असतो आणि दर वेळी त्याच मापाचा असतो. एक कोपरा दिसला की बाकीचा भाग कुठे आहे हे गणिताने सांगता येते. कपड्याला ठरलेला आकारच नसतो. ढिगावर कॅमेरा रोखला तर निळ्या कापडाचा एक पट्टा दिसतो. तो पट्टा एका शर्टाचा, की शेजारी पडलेल्या दोन शर्टांचा, हे वरून कळत नाही. खाली त्याची बाही कशात अडकली आहे, हे तर मुळीच दिसत नाही.

हे किती जड काम आहे याचा एक दाखला पाहा. 2010 मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एका रोबोने ढिगातले, आधी कधी न पाहिलेले टॉवेल एकेक उचलून घडी घालून दाखवले. पन्नासच्या पन्नास प्रयत्न यशस्वी झाले, पण एका टॉवेलला सरासरी चोवीस मिनिटांहून जास्त वेळ लागला. 2022 मध्ये त्याच विद्यापीठातल्या आणि जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या संशोधकांनी हा वेळ एका कपड्याला दोन मिनिटांच्या आत आणला.

वर्गवारीत घडी घालायची नसते, ही त्यातल्या त्यात सोय. कपडा कुठून धरला याला महत्त्व नाही, तो एकटा वर आला म्हणजे झाले. म्हणून इथे चार-पाच सेकंदांत एक उचल शक्य होते.

कपडा धरायला कोणता ग्रिपर, म्हणजे रोबोचा पकडणारा हात, घ्यावा? सक्शन कप स्वस्त पडतात, ते चालतील का?
– अभियांत्रिकीचे एक शिक्षक, इचलकरंजी

चुरगळलेल्या कपड्यांसाठी सक्शन कप घेऊ नका. विणलेल्या कापडातून हवा आरपार जाते, त्यामुळे कपात निर्वात टिकत नाही. मोठा ब्लोअर लावून हवेचा लोट वाढवला तर कपडा चिकटतो खरा, पण तोच लोट पातळ कापडातून जाऊन खालचाही कपडा ओढून आणतो. शिवाय वर्षभरात कापडाची लव फिल्टरमध्ये इतकी साचते की देखभालीचाच ताप होतो.

सुयांचे ग्रिपरही असतात. दोन बाजूंनी तिरप्या सुया दोन-तीन मिलिमीटर आत शिरतात आणि कापड पकडतात. टॉवेल, ब्लँकेट, फेल्ट यांना ते उत्तम. मात्र पुन्हा वापरता येईल असा होजिअरीचा कपडा त्यात सापडला तर धागा ओढला जातो आणि विकाऊ माल चिंधीत जमा होतो.

ढिगासाठी साधा दोन बोटांचा चिमटाच बरा. बोटांना आतून रबर लावा आणि तोंड पाच-सहा सेंटिमीटर उघडेल असे ठेवा. डेप्थ कॅमेऱ्याने (उंचसखलपणा मोजणाऱ्या कॅमेऱ्याने) ढिगातली उठून आलेली सुरकुती शोधायची, बोटे सुरकुतीच्या आडवी बसवायची आणि दोन सेंटिमीटरच आत घालायची. नवशिक्यांची चूक नेमकी इथे होते. पकड सुटू नये म्हणून ते बोटे चार-पाच सेंटिमीटर खाली रुतवतात आणि खालचा कपडाही चिमटीत येतो. रिकामी उचल परवडते, कारण लगेच दुसरा प्रयत्न करता येतो. जोडीने आलेली उचल पुढे सगळे बिघडवते.

एका वेळी दोन कपडे आले तर यंत्राला ते कळते कसे?
– एक वाचक, नाशिक

सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच. एका खुणेवर विसंबून हे ठरत नाही, दोन-तीन खुणा जुळवाव्या लागतात.

पहिली खूण वजनाची. टी-शर्ट साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम, शर्ट दोनशे ते अडीचशे, जीन्स पाचशे ते सातशे ग्रॅम. सातशेच्या वर काटा गेला तर शंका घ्यायची. पण दोन टी-शर्ट मिळून एका जीन्सपेक्षा हलकेच भरतात, त्यामुळे नुसत्या वजनाने भागत नाही.

दुसरी खूण वजन वाढते कसे, यात असते. रोबोच्या मनगटात बसवलेल्या लोडसेलचा, म्हणजे ओढ मोजणाऱ्या सेन्सरचा, आलेख उचलतानाच पाहावा. एकटा कपडा ढिगातून सुटताना ओढ हळूहळू वाढते आणि एका पातळीवर स्थिरावते. बाही कशात अडकली असेल तर ओढ मध्येच चढते आणि हिसका बसून एकदम खाली येते. दुसरा कपडा सोबत येत असेल तर आलेखात दोन पायऱ्या दिसतात, पहिला पूर्ण उचलला गेल्याची एक आणि दुसरा जमिनीपासून सुटल्याची दुसरी. म्हणून पहिले तीस-चाळीस सेंटिमीटर सावकाश उचलावे. वेगाने उचलले की कपडा झोके घेतो, आकडा नाचतो आणि या पायऱ्या त्यात बुडून जातात.

तिसरी खूण कॅमेऱ्याची. कपडा टांगलेला असताना मागे उजेडाची पाटी ठेवली तर बाह्यरेखा स्वच्छ दिसते. तीन बाह्या दिसल्या, मध्येच रंग बदलला, दोन वेगळे काठ दिसले, तर जोडी आहे असे धरायचे. एकाच रंगाच्या दोन कपड्यांत ही खूण फसते.

जोडी आली तर काय करायचे? रिकाम्या टेबलावर ती टाकायची आणि दुसऱ्या कडेने पुन्हा उचलायची. ढिगाचा भार नसल्याने बहुतेक वेळा एकच वर येतो. यात तीन-चार सेकंद जातात, म्हणून शंका आली तरच हे करायचे. दुसरा मार्ग म्हणजे परतीच्या बेल्टवरून जोडी ढिगात परत टाकणे. पण परत टाकण्याला मर्यादा हवीच. नाड्यांनी, पट्ट्यांनी एकमेकांत गुरफटलेले कपडे पुन्हा पुन्हा परत येत राहतात, सुटे कपडे निघून जातात आणि पाळी संपताना ढिगात नुसता गुंता उरतो. सकाळी नीट चाललेले यंत्र दुपारी अडखळू लागले तर आधी हे तपासा. लागोपाठ तीन उचली फसल्या की तो भाग माणसाच्या टोपलीत टाकायचा, असा नियम घालून दिलेला बरा.

हे सगळे ढीग कसा आहे यावरही अवलंबून असेल ना?
– एक वाचक, सोलापूर

बरोबर ओळखलेत. रोबोवर जेवढा खर्च होतो त्यातला थोडा जरी ढीग मोकळा करण्यावर केला तरी उचलीचा दर सुधारतो. दाबून बांधलेल्या गठाणीतले कपडे पट्ट्या कापल्यावरही चपटे आणि एकमेकांत बसलेले राहतात. तसेच ते रोबोपुढे टाकले तर वर सुरकुतीच सापडत नाही. आधी फिरत्या ड्रममधून किंवा आडव्या पट्ट्या लावलेल्या चढत्या बेल्टवरून ते सोडवून घ्यावे लागतात. उचलीच्या तबकात पंधरा-वीस सेंटिमीटरहून जाड थर ठेवू नये. खोल पेटी भरून ठेवली तर खालचा कपडा वरच्यांच्या ओझ्याखाली असतो आणि उचलताना अर्धी पेटी उपसली जाते.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे साडी. युरोपात तयार झालेली यंत्रे शर्ट, पँट, स्वेटर डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली असतात. साडेपाच मीटरची साडी बरोबर मधोमध धरली तरी खाली पावणेतीन मीटर लोंबते आणि पदराकडून धरली तर पूर्ण साडेपाच मीटर. एवढी उंची कुठल्याही बेताच्या रोबोच्या पोचेत नसते, म्हणजे साडी ढिगातून कधी पूर्ण सुटतच नाही. त्यातून ती बेल्टच्या रोलरवर गेली की शाफ्टला गुंडाळते आणि लाइन बंद पडते. ओढण्या, धोतरे आणि चादरींचेही हेच. यावर इलाज एकच: लांब कापड आधी हाताने वेगळे काढायचे. बोहारणीकडून किंवा सोसायटीतून माल येतो तेव्हाच साड्यांचे वेगळे बोचके बांधायला सांगितले तर पुढचे अर्धे काम हलके होते.

कापड कशाचे आहे हे यंत्र लेबल वाचून ठरवते का?
– एक वाचक, नागपूर

नाही. जुन्या कपड्यांची लेबले कापलेली किंवा पुसलेली असतात, आणि असली तरी त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. यंत्र कापडावर अवरक्त प्रकाश टाकते, डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्याच्या पलीकडचा, साधारण 900 ते 1700 नॅनोमीटरचा. सुती, पॉलिएस्टर, लोकरी, नायलॉन ही कापडे त्यातल्या वेगवेगळ्या लहरी शोषतात आणि परतलेल्या प्रकाशावरून जात ओळखू येते.

हे फसते ते ठरावीक ठिकाणी. प्रकाश पृष्ठभागापुरताच जातो, म्हणून अस्तराचा कोट बाहेरून जसा दिसेल तसाच नोंदला जातो. छातीवर रबरी छपाई असेल आणि सेन्सरखाली नेमकी तीच आली तर सुती टी-शर्टही प्लास्टिक ठरतो. काजळीने काळे केलेले कापड प्रकाश गिळून टाकते आणि काहीच परत येत नाही. ओलसर कपड्याचेही चुकते, कारण पाणी 1450 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते आणि सुती कापडाची खूणही त्याच टापूत असते. पावसाळ्यात कोकणातून आलेला माल आधी वाळवूनच घ्यावा. जीन्समध्ये मिसळलेला दोन-तीन टक्के स्पॅन्डेक्स हा ताणला जाणारा धागाही सहज निसटतो, आणि पुढे धाग्याचा पुनर्वापर करणाऱ्यांना तोच जास्त छळतो.

जोडीने आलेली उचल सगळे बिघडवते असे वर म्हटले, त्याचे कारण इथे कळेल. सेन्सरला वरचा सुती शर्ट दिसतो, त्याखाली पॉलिएस्टरची साडी असते आणि दोन्ही मिळून सुतीच्या पेटीत पडतात. सेन्सर कितीही चांगला असला तरी ही चूक त्याला दुरुस्त करता येत नाही.

परदेशात हे कुठे चालू आहे? सगळीकडे रोबोच वापरतात का?
– एक वाचक, पुणे

नाही. स्वीडनमधल्या माल्मो इथे 2020 मध्ये उघडलेल्या सिप्टेक्स या प्रकल्पाची क्षमता वर्षाला 24,000 टनांची ठरवली होती. तिथे माल वेगवान बेल्टवर पसरतो, अवरक्त सेन्सर तो ओळखतो आणि हवेचे झोत त्याला आपापल्या पेटीकडे उडवतात. नेदरलँड्समधल्या फायबरसॉर्ट यंत्राची क्षमता ताशी सुमारे 900 किलोची.

उचलणारे रोबो आधी रुळले ते मोठ्या लाँड्र्यांत. डेन्मार्कमधल्या ओडेन्से शहरातल्या इन्वाटेक कंपनीचे यंत्र मळलेल्या कपड्यांच्या ढिगातून एकेक नग उचलते. मग एक्स-रेने खिशातली पेन, कात्री, सुई शोधते आणि शिवून टाकलेली चिप वाचून गणवेश कोणाचा ते ठरवते. रुग्णालयाच्या मळक्या कपड्यांत माणसाचा हात न घालता काम होते, आणि तेवढ्यासाठीही ते करण्याजोगे आहे. तिथे कपडे ठरावीक मापाचे आणि मोजक्या प्रकारांचे असल्यामुळे उचलही सोपी जाते.

युरोपीय संघात 1 जानेवारी 2025 पासून सदस्य देशांनी कापडाचा कचरा वेगळा गोळा करण्याची व्यवस्था ठेवणे बंधनकारक आहे. त्यामुळे अंगात घालण्याजोगा नसलेला माल तिथे साचू लागला आहे. तो हाताने निवडणे तिथल्या मजुरीत परवडत नाही. यंत्रांना जोर आला तो त्यातून.

आमची संस्था दिवसाला दोन टन जुने कपडे गोळा करते. निवडणाऱ्या बायकांचे काम न घालवता यंत्र घ्यायचे असेल तर काय घ्यावे?
– एक वाचक, ठाणे

आधी हिशेब करा. आठ तासांत दोन टन म्हणजे ताशी अडीचशे किलो. सरासरी तीनशे ग्रॅमचा नग धरला तर ताशी सव्वाआठशेच्या वर नग होतात. रोबो चार सेकंदांना एक उचल करतो, म्हणजे ताशी नऊशे. त्यातल्या दर शंभरात पंधरा उचली रिकाम्या किंवा जोडीच्या गेल्या तर हातात येतात 765. म्हणजे एक रोबो तुम्हाला पुरणार नाही आणि दोन घेतले तर निम्मा वेळ रिकामे बसतील.

शिवाय कपडा पुन्हा घालण्याजोगा आहे का, हे ठरवणारे यंत्र अजून माणसाच्या जवळपासही आलेले नाही. कॉलरचा मळ, काखेतला डाग, वास, विरलेली कोपरे, कापडावर उठलेले गोळे हे सगळे हातात धरून उलटसुलट केल्याशिवाय कळत नाही, आणि तुमची कमाई त्याच निवडीवर ठरते. ती निवड बायकांकडेच राहू द्या.

यंत्र घ्यायचे ते त्यानंतरच्या टप्प्याला. घालण्याजोगा नसलेला माल निवडणारीनेच एकेक करून बेल्टवर टाकला तर सुटे करण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण कपडा तिच्या हातात सुटाच असतो. दोन बेल्ट लावा आणि दुसऱ्याचा वेग पहिल्याच्या अडीच-तीनपट ठेवा, म्हणजे दोन कपड्यांत आपोआप अंतर पडते. साठ सेंटिमीटरचा कपडा आणि चाळीस सेंटिमीटरची फट धरली तर दर कपड्यामागे एक मीटर बेल्ट लागतो. निम्मा माल या टप्प्याला आला असे धरले तर साडेआठ सेकंदांना एक नग पडतो, आणि बेल्टचा वेग सेकंदाला पंधरा सेंटिमीटर ठेवला तरी पुरतो. त्यावर एक सेन्सर आणि चार पेट्या: सुती, पॉलिएस्टर, लोकरी आणि न ओळखलेले. चौथी पेटी रोज संध्याकाळी उघडून पाहा. तिच्यात काळे कपडे जास्त निघाले तर ते सेन्सरपुढे न टाकता हातानेच बाजूला काढायला सांगा, आणि ओलसर निघाले तर गोदामाचे पत्रे आधी तपासा.